लाल टोपीची लाईन

“नुसतं बसून राहायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि वर जागा अडवायची.”

सासूबाई पुटपुटल्या तेव्हा मी त्यांच्या गुडघ्याशी बसून मटार सोलत होते, त्यामुळे ऐकू न आल्याचं सोंग करायची सोय नव्हती. त्यांच्या हातात फडकं होतं आणि फडक्याखाली फोन. समोरच्या खुर्चीत त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे आमचे हे, वाकून बुटाची नाडी बांधत होते. फोन गप्प, हेही गप्प. तेव्हा बोलणं नेमकं कुणाला होतं, हे विचारायची हिंमत मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही झालेली नाही. दोघांनी अर्धं अर्धं वाटून घ्यावं, अशी आमच्या घरची रीत आहे.

“आई, निघतो मी,” हे म्हणाले.

“निघ. लाईन एकदा तोडलीस, आता दुसऱ्यांदा तोड. हात बसलाय तुझा.”

ह्यांनी नाडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी गावातलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज कायमचं बंद व्हायचं होतं. नवी इमारत बाजारापलीकडे तयार होती, नवी यंत्रं आली होती, आणि जुन्या तारांवरच्या घरांना आता नवे नंबर मिळणार होते. हे त्या एक्स्चेंजमध्ये उमेदवारीपासून लागलेले. योगायोग म्हणा किंवा साहेबांची काटकसर म्हणा, ह्यांच्या निवृत्तीचा दिवसही तोच. एका हाराच्या खर्चात दोघांना निरोप.

गावात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. घरोघरी मोबाइल आहेत, आमच्याकडेही आहेत. आमचा तबकडीचा फोन आता फक्त दोन कामांना उरलाय: आमच्या लेकीच्या मैत्रिणी आल्या की त्याच्याबरोबर फोटो काढतात, आणि सासूबाई त्याच्याजवळ बसतात. त्या ज्याची वाट बघतात, त्याला घरातला हाच एक नंबर पाठ आहे. म्हणून नंबर जाता कामा नये. बाकी एक्स्चेंज पाडा, विका, नाहीतर तिथे कोंबड्या पाळा, त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

तो म्हणजे बारक्या, माझा धाकटा दीर.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो मिसरूड फुटलेला, शीळ घालत जिने चढणारा पोरगा होता. मला म्हणायचा, “वहिनी, तुमच्या चहात साखर कमी आणि सल्ले जास्त.” सासूबाई इतर कुणासाठी हसायच्या नाहीत, त्याच्यासाठी मात्र हसायच्या. तो दाराबाहेर असतानाच हसायला सुरुवात करायच्या, शीळ ऐकूनच. मग त्याला दूरच्या बंदरात, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत काम मिळालं. पत्र्याची पेटी घेऊन निघताना तो म्हणाला, “पोचलो की फोन करतो, आई. फोनजवळ बस.”

तो गमतीने म्हणाला असेल. सासूबाई बसल्या.

तो ज्या दिवशी पोचायचा, त्याच दिवशी सकाळी आमच्या गावातल्या रंगाच्या कारखान्याला आग लागली. मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होते, त्यामुळे मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही. पण त्या दिवसाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला धुराचा वासही आठवतो. आकाश आधी काळं, मग हिरवं, मग कावीळ झाल्यासारखं पिवळं. पिंपं फुटल्याचे आवाज. आणि गावातल्या यच्चयावत माणसांनी एकदम फोन उचलला. निम्म्यांनी काळजीपोटी उचलला, आणि निम्म्यांनी “तुमच्या गच्चीवरून दिसतंय का हो?” एवढंच विचारायला.

आता इथे एक्स्चेंजची गंमत सांगायला हवी. मला ती ह्यांनी डबा खाता खाता सांगितलीय. शाळेत मी याहून कठीण काही शिकले नाही आणि याहून उपयोगाचंही नाही. प्रत्येक घरापासून एक्स्चेंजपर्यंत स्वतःची तार असते खरी, पण सगळ्यांनी एकाच वेळी बोलावं एवढ्या वाटा आत कधीच नसतात. दहा घरांत मिळून एखादी वाट. एरवी भागतं, कारण सगळ्यांना एकदम बोलायचं नसतं. आणीबाणीच्या तीन आकडी नंबराची वाट मात्र वेगळी राखलेली. ते तीन आकडे फिरवले की यंत्र चौथ्याची वाट बघत नाही, इकडेतिकडे फिरवत नाही, सरळ त्या राखीव वाटेवर घालतं. ती भरली असेल तर शेजारच्या गावच्या केंद्राकडे वळवतं. पण तिथवर पोचायला आधी टोन लागतो, म्हणजे रिसिव्हर उचलल्यावर येणारा तो एकसुरी आवाज. फोन उचलला आणि कानात शुकशुकाट असेल, तर तीन आकडे फिरवणार कशावर?

त्या सकाळी तेच झालं. दवाखान्यातून डॉक्टर फोन उचलत होते आणि टोन नव्हता, कारण तो सगळा गच्चीवाल्यांनी खाल्ला होता.

अशा वेळेसाठी एक्स्चेंजमध्ये एक चावी होती. ती फिरवली की साध्या घरांचा टोन जायचा. राखून ठेवलेल्या लाईनी तेवढ्या जिवंत राहायच्या: दवाखाने, अग्निशामक, पाणीपुरवठा. मी विचारलं होतं, “आणि साध्या घरातल्या माणसालाच काही झालं तर?” हे म्हणाले, “म्हणून आळीपाळीने एकेका भागाला थोडा वेळ टोन सोडायचो. पण हो, ज्याची पाळी नसेल त्याने काय करायचं, याला उत्तर नाही. कुणालातरी पुढे घेतलं की कुणीतरी मागे जातोच.”

ह्यांनी चावी फिरवली. दवाखान्याला टोन मिळाला, पलीकडच्या तीन गावांतून बंब आले, माणसं वाचली. ह्यांचं नाव झालं. वाण्याच्या दुकानात अजून ह्यांच्यासाठी स्टूल पुढे करतात.

आणि बारक्याचा फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही.

मी तान्ह्या लेकीला घेऊन परत आले तेव्हा सासूबाई अर्ध्या झाल्या होत्या. जेवायच्या नाहीत, झोपायच्या नाहीत, फोनच्या स्टुलाशी भिंतीला टेकून बसायच्या. नातीला मांडीवर दिलं तरी नजर फोनवर. एके दिवशी ह्यांनी कामावरून आल्या आल्या, पाय न धुता, त्यांच्यासमोर उकिडवं बसून सांगितलं, “आई, आगीच्या दिवशी आपलाही फोन बंद होता. मीच चावी फिरवली. त्यानं केला असणार. लागला नसेल, आणि त्याला वाटलं असेल आपण उचलत नाही.”

सासूबाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या की माझ्या हातातलं बाळ रडायला लागलं. मग म्हणाल्या, “तू? घरच्या फोनाला?” आणि उठल्या. ह्यांना तोंडाला येईल ते बोलल्या. बोलता बोलता ताट वाढून घेतलं, बोलता बोलता जेवल्या. मी दाराआड उभी राहून देवाचे आभार मानत होते की बाईला निदान राग तरी आला.

तो राग अजून चालू आहे. त्या रागावर त्यांनी नातीचे लाड केले, मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं काढली, माझ्याशी तीन मोठी भांडणं केली. मधे आमच्या नात्यातल्या एकाला बारक्या त्या बंदराच्या बाजारात दिसला होता. अंगाने सुटलेला, बायको बरोबर, दोन मुलं, हातात टरबूज. “घरी सगळे बरे ना?” एवढं विचारून टरबुजाच्या भावाकडे वळला म्हणे. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रुसलाय. त्या दिवसापासून रुसलाय. फोन लागला असता तर ही वेळ नसती आली.” आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली.

आमच्या शेजारची शिंपीणबाई तर ही गोष्ट अभिमानाने सांगते. तिचा नवरा त्या कारखान्यात होता. संध्याकाळी काळ्या तोंडाने चालत घरी आला. ती म्हणते, “माझा फोन मेलेला, म्हणून मी धावत यांच्या दारात गेले. तर यांचाही बंद! स्वतःच्या आईचासुद्धा फोन सोडला नाही या माणसाने. याला म्हणतात इमान.” हे ऐकताना सासूबाई चष्मा पुसायच्या आणि हे खिडकीबाहेर बघायचे.

मला खरं कळलं ते बऱ्याच वर्षांनी, डबा घेऊन गेले होते तेव्हा. एक्स्चेंजमध्ये एक लांबलचक लोखंडी चौकट आहे, छतापर्यंत उंच. सगळ्या गावाच्या तारा तिथे येऊन टोकाला टोक जोडलेल्या असतात. त्या हजारो टोकांत अधूनमधून लाल टोप्या दिसतात, बोटाच्या पेराएवढ्या, प्लॅस्टिकच्या. मी विचारलं, ही कुणाची लग्नाची वरात? हे म्हणाले, “त्या राखीव लाईनी. कुणी चुकून हात लावू नये म्हणून टोपी. चावी फिरवली तरी यांचा टोन जात नाही. हा दवाखाना, हे अग्निशामक, ही पाण्याची टाकी, हे डॉक्टर, आणि हे आम्ही एक्स्चेंजची माणसं, कारण आम्हाला केव्हाही घरून बोलावून...”

वाक्य तिथेच थांबलं. हातातला घास हातात राहिला. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, “भाजीत मीठ कमी झालंय का हो आज?” हे म्हणाले, “नाही, बरोबर आहे.”

म्हणजे आमचा फोन त्या दिवशी जिवंत होता. मग शिंपीणबाईला तो बंद कसा सापडला, हा प्रश्न मला पडला होता. पण घरात काही प्रश्न ताटाखाली झाकून ठेवायचे असतात. उघडे राहिले तर सगळ्यांचीच जेवणं राहतात.

तर निरोपाच्या आदल्या दिवशी, मटार घालून केलेला डबा घेऊन मी एक्स्चेंजमध्ये गेले. यंत्रांची घरघर निम्म्याने कमी झाली होती. रिकाम्या कपाटांच्या जागी फरशीवर स्वच्छ चौकोन उमटले होते. हे चौकटीसमोर शिडीवर उभे होते. राखीव लाईनी आधी नव्या इमारतीत न्यायच्या, बाकी गाव उद्या. एकेक लाल टोपी काढायची, तार वळवायची, नव्या बाजूला टोपी चढवायची, आणि लगेच तिथे फोन करून बघायचा.

“अग्निशामक? एक्स्चेंजमधून बोलतोय. तपासणी. नाही, आग नाही, तपासणी. हो, तुम्हालाही नमस्कार.”

खाली फोन कानाला धरून लाईनमन बोलत होता. त्याला सगळं एक्स्चेंज ‘भोंगा’ म्हणतं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. एकदा साहेबांच्या बदलीची बातमी त्याने साहेबांनाच सांगितली होती.

“वहिनी, बघा बघा,” तो म्हणाला, “तुमच्या नवऱ्याचा शेवटचा खेळ. उद्यापासून घरी. मग तुमचाच टोन जाणार.”

“माझा कधी होता?” मी म्हटलं. तो हसत नव्या इमारतीकडे गेला.

हे शिडीवरून उतरले नाहीत. एका टोपीवर बोट ठेवून उभे होते. मला नंबर वाचायची गरज नव्हती.

“काढायची आहे?” मी विचारलं.

“नियमाने काढायला हवी. टोपी एक्स्चेंजच्या माणसाला असते. उद्या संध्याकाळपासून मी कुणाला लागणार?”

“मला लागाल. किराणा आणायला.”

ते हसले, पण बोट तिथेच.

“आणि ठेवली तर?”

“ठेवली तर नंबर राहतो. राखीव लाईनींचे नंबर बदलत नाहीत. कुणी विचारणार नाही. पण नव्या बाजूला राखीव जागा मोजक्याच आहेत. एकच उरलीय, आणि प्रसूतिगृहवाली बाई रोज येऊन विचारते. तिच्याकडे अडलेल्या बायका येतात.” मग म्हणाले, “ते एक वेळ मी डोळ्याआड केलं असतं. देवाशपथ केलं असतं. माझ्या आईसाठी एक जागा चोरायला माझं मन तयार आहे, हे मला काल रात्री कळलं.”

“मग अडतंय कुठे?”

“आई विचारेल. सगळ्या गल्लीचे नंबर गेले, आपला कसा राहिला? तेव्हा काय सांगू? लाल टोपी होती म्हणून? कधीपासून होती? पहिल्यापासून?”

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं. आणि तेही चौकटीकडे बघत, माझ्याकडे नाही.

म्हणजे असं होतं ते. नंबर वाचवावा, तर त्या दिवशी फोन जिवंत होता हे उघडं पडणार. ते झाकावं, तर नंबर जाणार आणि त्याबरोबर बारक्याची वाट. एका बाजूला आईची आशा, दुसऱ्या बाजूला आईची समजूत, आणि मधे शिडीवर एक टक्कल पडलेला माणूस. थोरला असणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. फोन कुणाचा आला नाही आणि उत्तर कोण देतोय.

“जेवून घ्या,” मी म्हटलं. “रिकाम्या पोटी माणसाला सगळंच फार खरं वाटतं.”

जेवताना ते मला आणखी एक गोष्ट सांगत बसले. अशा वेळी ते यंत्रांबद्दलच बोलतात. आणीबाणीच्या नंबराला एक खोड आहे म्हणे. साध्या फोनवर एकाने रिसिव्हर ठेवला की संपलं. पण आणीबाणीचा फोन करणाऱ्याने ठेवला, घाबरून ठेवला, बेशुद्ध पडला, तरी लाईन सुटत नाही. पलीकडच्या केंद्रातली बाई जोवर स्वतः सोडत नाही, तोवर तिच्या हातात असते. ती इकडची घंटी वाजवू शकते, ऐकत बसू शकते. कुठून फोन आला ते शोधेपर्यंत धरून ठेवते.

“आणि तिने सोडलीच नाही तर?” मी विचारलं.

“तर त्या लाईनवर दुसऱ्या कुणाचा फोन येत नाही,” हे म्हणाले, आणि डबा पुसून काढला.

संध्याकाळी हे घरी आले ते भोंग्याला घेऊन. सामान फार होतं: हत्यारांची पिशवी, एक पंखा, ज्यावर बसून इतकी वर्षं डबा खाल्ला ते स्टूल. टोपीचं काय केलं, हे मी डोळ्यांनी विचारलं. त्यांनी मान हलवली. अजून तशीच.

सासूबाई आपल्या जागी, फोनच्या शेजारी. मी चहा ठेवला. भोंगा नव्याकोऱ्या जावयासारखा मधोमध बसला.

“काय मावशी, मुलगा रिटायर होतोय उद्या. खूश ना?”

“कसली खुशी? जाता जाता माझा नंबर घेऊन चाललाय. सगळ्या गावाला वाचवलं म्हणे यानं. आईचा एक नंबर वाचवता येत नाही.”

“आई, सांगितलं ना,” हे म्हणाले. “काही महिने जुना नंबर फिरवला तर नवा नंबर सांगणारी बाई बोलेल.”

“आणि काही महिन्यांनी? ती बाई दमेल, मी दमणार नाही.”

मी आतून कपबश्या आणत होते. भोंग्याने तोंड उघडलेलं मला दिसलं. ट्रे हातात असताना माणूस कुणाचं तोंड बंद करू शकत नाही.

“तुमचा नंबर कोण काढतोय मावशी?” भोंगा म्हणाला. “तुमची तर लाल टोपी! मी आज स्वतः पाहिली ना चौकटीवर. टोपीवाल्यांचा नंबर तोच राहतो. तुमची लाईन म्हणजे दवाखान्याच्या बरोबरीची. आगीच्या दिवशी अख्खं गाव मेलं होतं, पण टोपीवाल्यांचा टोन एक क्षण...”

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं आणि थांबला. भोंगा मधेच थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी चहा ठेवला. कुणी उचलला नाही. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ह्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

“मी निघतो,” भोंगा म्हणाला. “घरी बायको...”

“बस,” सासूबाई म्हणाल्या. “चहा पी. चहानं काय केलंय?”

तो बसला. सासूबाईंनी फोनवरची धूळ तळहाताने पुसली. धूळ नव्हतीच.

“लाल असते होय टोपी,” त्या म्हणाल्या. “मला रंग माहीत नव्हता.”

“आई,” हे म्हणाले, “मी तेव्हा तुला...”

“दुसऱ्या कुणाला पाहिजे का ती जागा?”

मीच सांगितलं. “प्रसूतिगृहाला हवीय. एकच जागा उरलीय.”

“मग दे त्यांना. बाळंतिणीला थांबवू नये.”

“नंबर जाईल, आई,” हे म्हणाले. “त्याला दुसरा नंबर माहीत नाही.”

सासूबाईंनी फोनची वायर सरळ केली. मग म्हणाल्या, “त्या दिवशी शिंपीण दारात आली होती. रडत होती. नवरा कारखान्यात म्हणून. मला म्हणाली, तुमचा चालू आहे का? मी म्हटलं, बंद आहे.”

“का?” मी विचारलं. न राहवून.

“लाईन मोकळी हवी होती ना. तेवढ्यात त्याचा आला असता तर?” त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा फार लहान दिसतो. “तिचा माणूस संध्याकाळी चालत आला म्हणून बरं. नाहीतर मी कुठल्या तोंडाने राहिले असते इथे? दर थोड्या वेळाने उचलून बघत होते. टोन आहे ना, बघायचं, आणि पटकन ठेवायचं. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. मग तू एके दिवशी पाय न धुता येऊन बसलास आणि म्हणालास, मी चावी फिरवली.”

“तुला माहीत होतं?”

“तू इतकं वाईट खोटं बोलतोस, थोरल्या. लहानपणापासून. कान लाल होतात तुझे.”

भोंग्याने ह्यांच्या कानांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

“मग इतकी वर्षं मला का बोलत राहिलीस?” हे म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. खरंच विचारत होते, एखादं यंत्र का अडलं ते विचारावं तसं.

“तुला बोलले नसते तर त्याला बोलावं लागलं असतं.” त्या फोनकडे बघत म्हणाल्या. “तू समोर होतास. तू जेवायला यायचास, कितीही बोलले तरी. त्याला बोलले असते तर तो तेवढाही उरला नसता. म्हणून तुला आणखी बोलायचे. तू ऐकून घ्यायचास, म्हणून आणखी.”

ह्यांनी उठून त्यांच्यासमोर उकिडवी बसकण मारली, त्या दिवशीसारखी. आता गुडघ्यांनी आवाज केला. सासूबाईंनी त्यांच्या टकलावरून हात फिरवला, आणि मग रिसिव्हर उचलला. कानाला लावला, ऐकलं. टोन मला उभ्या जागी ऐकू आला, तो एकसुरी, कधी न थकणारा. एरवी त्या पटकन ठेवायच्या. या वेळी त्यांनी रिसिव्हर मांडीवर घेतला आणि तसाच राहू दिला, वाजत.

“उद्या सकाळी टोपी काढ,” त्या म्हणाल्या. “फोन चालू होता रे. त्यानं केलाच नाही.”